एरिका कधीच गैरहजर नव्हती

माझ्या सासऱ्यांना १९७९ साली जिल्हा परिषदेने आदर्श शिक्षक ठरवलं आणि त्याचे परिणाम मी लग्न झाल्यापासून भोगते आहे. त्या प्रमाणपत्राची मूळ प्रत पाथर्डीला आहे आणि रंगीत झेरॉक्स आमच्या जर्मनीतल्या घरात, दर्शनी भिंतीवर. जेवायला आलेल्या माणसाने बूट काढले की प्रणव त्याला आधी त्या भिंतीपुढे उभं करतो. "माझे वडील. डोंगरावरची एकशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, एकच खोली, एकटा माणूस." तोवर आमटी निवते आणि ती गरम करायला मी पुन्हा उठते.

प्रणव वैद्यकीय उपकरणांच्या तपासणी विभागात आहे. त्याने सही केल्याशिवाय यंत्र दवाखान्यात जात नाही. ज्या तक्त्यात आकडे जरा वरखाली आहेत त्यावर तो सुखाने सही करतो, पण ज्यात एकही खोट नाही असा तक्ता आला की दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नाही. एकदा पाण्याच्या मीटरचा आकडा आमच्या फायद्याचा चुकून लिहिला गेला, तर घरमालकाला त्याने रजिस्टर्ड पत्र पाठवून चूक कळवली. घरमालक घाबरून घरी आला. असल्या माणसाशी संसार करणं म्हणजे रोज थोडी थोडी परीक्षा देणं, पण ते असो.

२००७ च्या मे महिन्यात अण्णा, म्हणजे सासरे, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. आम्ही एर्लांगेनपासून बसने अर्ध्या तासावर वाइडेनरॉइट नावाच्या गावात राहतो. इथे एक चर्च, एक बेकरी, दोन बसस्टॉप आणि आमची शेजारीण फ्राउ हॉफमान आहे. ती टपाल खात्यातून निवृत्त झालेली, आणि गावच्या हाइमाटफेराइनची, म्हणजे गावाचा इतिहास जपणाऱ्या मंडळाची, चिटणीस. मूळची ती इथली नाही, तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. म्हणूनच तिला या गावाचा एवढा अभिमान. सासरच्या इतिहासाचं ओझं नेहमी बाहेरून आलेल्या बाईच्याच डोक्यावर येतं, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

त्या वर्षी मंडळाने गावातल्या जुन्या एकखोली शाळेचं संग्रहालय करायचं ठरवलं होतं. अशा शाळा पूर्वी इथे गावोगाव होत्या. मग साठच्या दशकात सरकारने त्या भराभर बंद करून मुलांना बसने मोठ्या शाळेत न्यायला सुरुवात केली. वाइडेनरॉइटची १९६९ पर्यंत तगली. आजूबाजूच्या चार गावांच्या शाळा आधीच गेल्या होत्या, त्यामुळे गावाला या चिवटपणाचं फार कौतुक. जुलैमध्ये उद्घाटन होतं, आणि दारावर शेवटचे शिक्षक हेर, म्हणजे श्रीयुत, लाइटनर यांच्या नावाची पितळी पाटी लागणार होती.

फ्राउ हॉफमान एकदा साखर मागायला आली, प्रणवने तिला अर्थातच भिंतीपुढे उभं केलं, आणि ती साखर विसरली. एकाच खोलीत चार वर्ग शिकवलेला माणूस तिच्या शेजारी, जिवंत! तिने अण्णांचे दोन्ही हात धरून त्यांना "हेर कोलेगं" म्हटलं. ते म्हणजे "सहकारी गुरुजी" असं मी सांगितलं.

"इतिहास जिवंत होऊन आलाय म्हणते ती," मी भाषांतर केलं.

"इतिहास कसला?" अण्णा म्हणाले. "आमच्याकडे चालू आहेत की अजून."

हे मी भाषांतरित केलं नाही. तिचा उत्साह कशाला मोडा.

दुसऱ्याच दिवशी ती शाळेचा जुना हजेरीपट कापडात गुंडाळून घेऊन आली. प्रणव कामावर होता. अण्णांनी चष्मा लावला, हात धुऊन आले आणि पान उलटायला लागले. अक्षर वेगळं, भाषा वेगळी, पण चौकटी त्याच. अण्णांचं बोट सवयीने आडव्या ओळींवरून फिरायला लागलं.

"ही बघा," फ्राउ हॉफमान म्हणाली. तिचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. "एरिका त्सांडर. चार वर्षं, एकही गैरहजेरी नाही. एक दिवसही नाही! फ्लूच्या हिवाळ्यात अकरा मुलं अंथरुणात, एरिका हजर. बटाटे काढायच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतात, एरिका हजर. एकदा तर खुद्द गुरुजी उशिरा आल्याची नोंद आहे. एरिका वेळेवर."

त्या दिवशी मला कळलं की सगळं गाव गेले चार महिने या एरिकाला शोधतंय. वर्तमानपत्रात निवेदन दिलं होतं, अमेरिकेतल्या जर्मन मंडळांना पत्रं गेली होती, कारण इथून नाहीसा झालेला माणूस अमेरिकेला गेला असं धरायची पद्धत आहे. महापौरांनी तिच्यासाठी पदक करून ठेवलं होतं. आणि लोकांना ती आठवतही होती. खाटकाला तिच्या दोन वेण्या आठवत होत्या. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला आठवत होतं की ती गणितं बघू द्यायची नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या मते ती जरा शिष्टच होती.

अण्णांनी मागची पानं चाळली, पुढची चाळली, आणि एकदम खिक् करून हसले. मग स्वतःच दचकून गंभीर झाले.

"हिला विचार, शाळा टिकवायला पट किती लागायचा?"

"वीस," फ्राउ हॉफमान म्हणाली. "गेनाऊ, बरोब्बर वीस."

"आणि होता किती?"

"वीस! चारही वर्षं. काय योग बघा. पण ते हसले का?"

"एवढी गुणी मुलगी बघून त्यांना आनंद झाला," मी म्हटलं. ज्या घरात मीटरचा आकडासुद्धा खोटा चालत नाही, त्या घरात मी हे एवढ्या सफाईने बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "अहो अण्णा, झालं काय?"

"ही पोरगी नाहीच."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. नुसतं नाव आहे. खऱ्या पोराला ताप येतो, त्याचा मामा येतो, घरची शेळी विते. खरं पोर महिन्यातून चार दिवस दांडी मारतंच. खोटं पोर कधी आजारी पडत नाही बघ."

"पण तुम्हाला हे कसं कळलं?"

विचारून झाल्यावर वाटलं, विचारायला नको होतं. अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

"आमची यमुना," शेवटी म्हणाले. "विष्णूची पोर. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गेले, हिला घेऊन. होळीपर्यंत परत येतात, म्हणून नाव ठेवलं. ते आलेच नाहीत. तिकडेच कुठे राहिले. मग मोजलं तर तिच्याशिवाय एकोणीस. एकोणीस झाले की शाळा खालच्या गावाला जोडणार, आणि मधे ओढा. पावसाळ्यात एक पोर गेलं नसतं. मग ठेवलं नाव. तीन वर्षं हजर."

"आणि तपासणीला साहेब आले की?"

"साहेब हजेरी घ्यायचे. डोकी मोजतील म्हणून खालच्या गावातली चार पोरं आणून बसवायची, ते सगळेच करायचे. पण नावाला 'हजर' म्हणणारं पोर नेमावं लागतं. होतं एक. पहिलीतलं. चुणचुणीत." अण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बक्षीस देताना साहेबांनी भाषणात यमुनेचंच उदाहरण दिलं. म्हणाले, दुर्गम भागातली मुलगी, एक दिवस शाळा बुडवत नाही, हे गुरुजींचं यश. शाल अंगावर होती, घाम फुटला मला."

मला हसू आवरेना. बारा वर्षं ते प्रमाणपत्र कधी एकदा खिळ्यावरून पडतंय याची मी वाट बघत होते. आणि आता ते माझ्यासमोर पडलं होतं, तर मला चक्क वाईट वाटत होतं.

"प्रणवला यातलं काही सांगू नकोस," अण्णा म्हणाले. "त्याला मी मारलं नाही कधी, पण फार शिस्तीत वाढवलं. खोटं बोलला की उपाशी ठेवायचो. त्याला हे कळलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही. तुला शप्पथ आहे."

मी शपथ घेतली. वर अण्णांनी मलाच कामाला लावलं. त्यांचं म्हणणं, त्या दुसऱ्या गुरुजींना सावध केलं पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांना त्याच बाकांवर बसवून हेर लाइटनर याच पटावरून हजेरी घेणार होते. "बिचारा स्वतःच्या तोंडाने तिचं नाव घेणार," अण्णा म्हणाले. आपल्या धंद्यातल्या माणसाची अडचण बघवत नव्हती त्यांना.

हेर लाइटनर शहात्तर वर्षांचे, काटकुळे, घर पुस्तकांनी भरलेलं. आम्ही केक घेऊन बसने त्यांच्याकडे गेलो. मी कशीबशी प्रस्तावना करून एरिकाचं नाव काढलं आणि त्यांच्या हातातली कॉफी बशीत आली. मग त्यांनी खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक जुना टाइपरायटर होता. त्याच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: एरिका.

"समोर होता," हेर लाइटनर म्हणाले. "दुसरं नाव त्या क्षणी सुचलं नाही. एक वर्षापुरतं म्हणून लिहिलं. बस आमच्या गावापर्यंत यायची नाही तेव्हा, आणि सात किलोमीटर चालून गेली नसती हो ही मुलं."

"ओढा होता का मधे?" अण्णांनी विचारलं.

"जंगल."

अण्णांनी मान डोलावली. पुढचा अर्धा तास मी दोन म्हाताऱ्या लबाडांची दुभाषी होते. सगळ्या तारखांची खोटी हजेरी एकाच दिवशी भरायची नाही, मधे पेन बदलायचं, अशा गोष्टी दोघांनाही माहीत होत्या. अण्णांनी मात्र त्यांची एक चूक काढली. "मधूनमधून आजारी पाडायला हवी होती. मग वडिलांची बदली दाखवायची आणि दाखला द्यायचा."

"तुम्ही तसं केलंत?"

"नाही," अण्णा म्हणाले. "मला जमलं नाही. चौथी पास केली. पहिला नंबरच देणार होतो, पण मोह आवरला. दुसरा दिला."

हेर लाइटनर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग रुमालाने डोळे पुसून ताठ बसले. "आल्झो, तर मग," म्हणाले, "चाळीस वर्षं मला कोणी विचारलं नाही. आता तुम्ही विचारलंत. त्या दिवशी एरिकाचं नाव आलं की मी उठून सगळ्यांना खरं सांगणार."

अण्णा म्हणाले, नको. ते म्हणाले, सांगणारच. आणि हजेरीवरून ही गोष्ट ओळखणारा पहिला माणूस भारतातले माझे सहकारी, हेही सांगेन. हे श्रेय तुमचं आहे, ते मी घेणार नाही.

या देशात माणूस लबाडीची कबुलीसुद्धा संदर्भ देऊन देतो. परत येताना बस उतरल्यावर अण्णा म्हणाले, "तो सांगणार. मग प्रणव विचारणार, अण्णा, तुम्ही कसं ओळखलंत?"

उद्घाटनाच्या सकाळी अण्णांच्या पोटात दुखायला लागलं. मी त्यांना मनापासून साथ दिली, ओवा दिला, पडून राहा म्हटलं. पण प्रणव इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. "दुखतंय, ठीक आहे, पण फ्राउ हॉफमानने तुमच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवलीये. तिथे बसून दुखू द्या." एकशिक्षकी शाळेचा मुलगा म्हणून त्यालाच जास्त उत्साह. पहिली-दुसरी तो अण्णांच्या हाताखाली शिकला आणि मग पुण्याला आत्याकडे गेला, हेही पाहुण्यांना भिंतीपुढे सांगायचं असतं.

शाळेची खोली खरंच छान केली होती. उतरते बाक, लोखंडी शेगडी, फळा. भिंतीवर हजेरीपटाचं एक पान मोठं करून लावलं होतं आणि वर लिहिलं होतं: वाइडेनरॉइटची आदर्श विद्यार्थिनी. प्रणव त्या पानापुढे थांबला. मी चार लोकांशी बोलून परत आले तरी तो तिथेच. त्याचं बोट शेवटच्या ओळीवरून आडवं फिरत होतं, अगदी अण्णांचं फिरलं होतं तसं. मग तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी पुढे अण्णांच्या शेजारी जाऊन बसले.

पन्नाशीला टेकलेले विद्यार्थी गुडघे दुमडून बाकांवर बसले. हेर लाइटनर टेबलामागे बसले, त्यांनी पट उघडला. एकेक नाव, एकेक "हिअर!" खाटीक एवढ्या जोरात ओरडला की सगळे हसले. दोन नावांना कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा शाळेची जुनी घंटा एकदा वाजवली, कारण ते दोघे आता नव्हते. आडनावांच्या क्रमाने यादी शेवटाला आली.

"त्सांडर, एरिका."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. अमेरिकेहून ती बाई खरंच आली असेल, असं निदान निम्म्यांना वाटत होतं. महापौरांनी पदकाची डबी उघडून ठेवली. घंटा वाजवणारा माणूस वाजवू की नको म्हणून फ्राउ हॉफमानकडे बघत राहिला. हेर लाइटनरांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि ते उठायला लागले. त्यांची नजर अण्णांवर होती. माझ्या शेजारी अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

"हजर, गुरुजी!"

मागच्या रांगेतून आला आवाज. बारीक, उंच, शेवटी लांबवलेला, पहिलीतलं पोर म्हणतं तसा. मी वळून पाहिलं. छत्तीस वर्षांचा, दाढीवाला माझा नवरा हाताची घडी घालून, मान ताठ करून उभा होता.

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग खाटीक हसला, मग सगळे हसले, टाळ्या झाल्या. भारतीय पाहुण्यांचा खास कार्यक्रम आहे असं समजून महापौर मागे आले आणि त्यांनी ते पदक प्रणवच्याच गळ्यात घातलं. पाण्याच्या मीटरसाठी रजिस्टर्ड पत्र लिहिणाऱ्या माणसाने ते निमूटपणे घालून घेतलं. हेर लाइटनर अर्धवट उठलेले तसेच खाली बसले. थोडा वेळ त्यांनी प्रणवकडे पाहिलं. मग पेन घेतलं आणि पटावर शेवटच्या ओळीत एक खूण केली. त्यांनी पुन्हा काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाहेर गावचा बँड सुरू झाला, आणि जर्मनीत बँड सुरू झाल्यावर कोणी कबुलीजबाब ऐकत नाही.

अण्णांनी डोळे उघडले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. मागे वळून ते प्रणवकडेच बघत होते, आणि मला कळलं की पहिलीतलं ते चुणचुणीत पोर कोण. आमच्या घरच्या भिंतीपुढे पाहुण्यांना उभं करून हा माणूस इतकी वर्षं काय करत होता तेही कळलं. मी त्याला फुशारकी समजत होते. तो बापाच्या नावाची हजेरी देत होता, अजून.

घरी जाताना रस्त्यावर ऊन होतं. तिघंही एका ओळीत चाललो होतो. प्रणवच्या गळ्यात पदक तसंच होतं.

"तू विसरला असशील असं वाटलं मला," अण्णा म्हणाले. "सहा वर्षांचा होतास."

"लिमलेटच्या दोन गोळ्या दिल्या होत्यात तुम्ही," प्रणव म्हणाला. "एक माझ्या हजेरीची, एक यमुनेची. ती तापाने निजलीये, तिच्या वतीने म्हण, म्हणाला होतात."

"आणि तू दोन्ही खाल्ल्यास."

"माझी खाल्ली. तिची तिच्या जागेवर ठेवली, भिंतीशी. रोज बघायचो. पाचव्या दिवशी मुंग्या लागल्या."

"तेव्हा कळलं तुला?"

"नाही," प्रणव म्हणाला. "मुंग्या झटकल्या आणि परत ठेवली. वाटलं, येईल कधीतरी."

अण्णा रस्त्यातच थांबले. त्यांनी लेकाचा दंड धरला, आधाराला धरतात तसा.

"मी पण पहिल्या वर्षी तेवढ्यासाठीच ठेवलं होतं रे नाव," ते म्हणाले.